यंदा ताटात काय ठेवू?

प्रिय ताई, सलाम.

मी नाशिकला शरणपूर रोडला राहते. एका खासगी दवाखान्यात बिलिंगला आहे. मिस्टर अंबडच्या एका कारखान्यात होते, जूनमध्ये त्यांना कामावरून कमी केलं. तेव्हापासून मिळेल ते काम करतात. ऑगस्टमध्ये माझे पप्पा प्रभूमध्ये निद्रिस्त झाले. आई मनमाडला एकटीच असते. मुलगी चौथीत आहे.

आता नाताळ आलाय. सासूबाई नगरकडच्या. आमच्याकडे दरवर्षी करंज्या, अनारसे, चकल्या, शेव, शंकरपाळे, दोन प्रकारचे लाडू, नानकटाई, केक, सगळं घरी होतं आणि पंधरा घरी ताटं जातात. यंदाही ते झालंच पाहिजे, विकतचं चालणार नाही, असं त्या म्हणतात. माझी आई म्हणते, वर्षाच्या आत तळण करू नये. दिवाळीत शेजाऱ्यांकडून फराळाची ताटं आली, ती घासून ओट्यावर ठेवली आहेत. रिकामी कशी परत देऊ?

खरं सांगू का ताई, माझं कशातच मन नाही. वर्षअखेरच्या उपासनेत आमच्या घरचं उपकारस्तुतीचं पाकीट असतं, म्हणजे देवाचे आभार मानून दिलेलं दान, आणि नाव वाचलं जातं. यंदा त्यावर काय लिहू? जो तो म्हणतो, देवाचे आभार मान, याहून वाईट झालं असतं. मला ते ऐकवत नाही. आभार मानले तर ते खोटं होईल आणि नाही मानले तर मी कसली ख्रिस्ती?

– एक वाचक, नाशिक

लेकी, सलाम.

फराळाचा प्रश्न एका संध्याकाळी बसून सुटेल. म्हणून तुझ्या पत्रातला शेवटचा प्रश्न आधी घेते.

‘याहून वाईट झालं असतं’ म्हणणाऱ्या माणसांच्या मनात वाईट काही नसतं. त्यांना तुझ्यासमोर काय बोलावं ते सुचत नाही, एवढंच. पण वडील गेलेल्या मुलीला असं सांगणं म्हणजे तिचं रडणं थांबवण्याची घाई करणं. अशा आभारांची देवाला गरज आहे असं मला वाटत नाही. निदान पवित्र शास्त्रात तरी देवाने ते कुठे मागितलेले दिसत नाहीत.

पवित्र शास्त्रातल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाचा सव्विसावा अध्याय काढून वाच. पहिल्या पिकाची टोपली देवापुढे कशी आणायची ते तिथे सांगितलंय. आपल्या मंडळ्यांमध्ये हंगामाच्या सणाला भोपळे, ऊस, बाजरीची कणसं वेदीपुढे मांडतात, त्याच्या मुळाशी तीच प्रथा आहे. शेतकरी टोपली घेऊन येतो, याजक ती वेदीपुढे ठेवतो. मग शेतकऱ्याने मोठ्याने काही म्हणायचं असतं, आणि तो पिकापासून सुरुवात करत नाही. आमचा पूर्वज रानोमाळ भटकणारा होता, थोडी माणसं घेऊन तो मिसरात, म्हणजे इजिप्तमध्ये गेला, तिथे आम्हाला छळलं, आमच्याकडून ढोरमेहनत करून घेतली, आम्ही आक्रोश केला, असं सगळं आधी सांगायचं. देवाने ऐकलं, बाहेर काढलं, हा देश दिला हे त्यानंतर. आणि सगळ्यात शेवटी, ‘म्हणून हे पाहा, पहिलं पीक आणलंय.’

देवाने स्वतः शिकवलेली ही उपकारस्तुती आहे आणि तिच्यातला मोठा भाग दुःखाचा आहे. छळ गाळून टोपली ठेवा असं तो सांगत नाही. तेव्हा तुझ्या उपकारस्तुतीत जून येऊ दे आणि ऑगस्टही येऊ दे. ते सांगितल्याने तुझे आभार खोटे होत नाहीत. ते गाळून हसऱ्या चेहऱ्याने उभी राहिलीस, तर मात्र तुला वाटतंय तसं खोटं वाटेल.

आणि तेही झेपणार नसेल तर तेरावं स्तोत्र आहे. सहाच ओव्या. पहिल्या दोन ओव्यांत ‘कुठवर’ असं चार वेळा विचारलंय आणि शेवट गाण्याने होतो. अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र तर गाण्यापर्यंत पोचतच नाही, ते अंधारातच संपतं. तरीही कुणी ते शास्त्रातून काढून टाकलेलं नाही. यंदाचा तुझा नाताळ तेराव्या स्तोत्रासारखा जाईल की अठ्ठ्याऐंशीव्या, हे तुझ्या हातात नाही, आणि त्यावरून तुझं ख्रिस्तीपण कुणी मोजू नये. तूही मोजू नकोस.

तू शरणपूर रोडला राहतेस, म्हणून आणखी एक सांगते. शरणपूर ही वस्ती मिशनऱ्यांनी १८५४ साली वसवली. तिथे अनाथ मुलं आली, धर्म बदलला म्हणून घरातून बाहेर काढलेली माणसं आली. पुढे आफ्रिकेतून गुलाम म्हणून विकायला चालवलेली आणि समुद्रावर इंग्रजी जहाजांनी सोडवलेली मुलंही आली. ती इथे अक्षरं शिकली, सुतारकाम, लोहारकाम शिकली. त्यातले बरेच जण पुढे पूर्व आफ्रिकेत परत गेले. आईबाप कुठे आहेत हेही माहीत नसलेल्या त्या मुलांनी तुझ्या घरापासून हाकेच्या अंतरावर नाताळ केला. त्यांच्या तोंडी उपकारस्तुती कशी आली असेल, याचा मी बऱ्याचदा विचार करते. सगळं ठीक झाल्यावर आली नसणार, एवढं नक्की. कारण त्यांचं सगळं ठीक कधी झालंच नाही.

आता माणसांचं बोलू. दहा कुष्ठरोगी बरे झाले आणि एकच परत आला, ही गोष्ट आपण संडेस्कूलपासून ऐकतो. तो परत आला म्हणजे चालून गेला, समोर उभा राहिला, पाया पडला. त्याच्या मनात तेव्हा काय भावना दाटल्या होत्या हे लिहिलेलं नाही, काय केलं ते लिहिलंय. तूही मन भरून येण्याची वाट पाहत बसू नकोस. एका कागदावर या वर्षी तुमच्यासाठी धावलेल्या माणसांची नावं लिही. पप्पा आजारी असताना डबा कुणी दिला, मनमाडला जायला निघालीस तेव्हा मुलीला कुणी सांभाळलं, मिस्टरांना चार दिवसांचं काम कुणी सुचवलं, किराणा उधार कुणी दिला. ही यादी पंधरा घरांच्या यादीशी जुळणार नाही. जुळली नाही तरी यंदाची ताटं याच यादीप्रमाणे जाऊ देत. नेहमीच्या पंधरांपैकी जी घरं वाट पाहतील असं तुला मनापासून वाटतं तीही ठेव. बाकीच्यांना गेटवर, जिन्यात भेटल्यावर ‘नाताळ मुबारक’ म्हणायचं. कुणी रागावणार नाही.

त्या यादीत दिवाळीची ताटं पाठवणारे शेजारी सगळ्यात वर घाल. आपल्याकडे दुःखाच्या वर्षात घरचे लोक फराळ करत नाहीत, तो शेजारीपाजारी आणि नातेवाईक आणून देतात. तुझे पप्पा ऑगस्टमध्ये गेले हे त्या शेजारणींना माहीत होतं. त्यांनी ताटं पाठवली ती नेहमीच्या देवाणघेवाणीत पाठवली असतील असं मला वाटत नाही. परत देताना हिशेब फिटला असं मनात आणू नकोस. ताट हातात देताना स्पष्ट बोल: ‘यंदा आमच्याकडे फार काही नाही, पण तुम्ही आठवण ठेवलीत, बरं वाटलं.’

आता सासूबाई.

त्या हट्ट का करताहेत याचा अंदाज मला आहे. मुलाची नोकरी गेली. ज्या बाईने नगरकडून येऊन नाशकात घर उभं केलं, तिला पंधरा ताटं कमी झाली तर घर मोडलं असं लोक म्हणतील अशी भीती वाटते. त्यांना ‘तुम्हाला आता झेपत नाही’ असं चुकूनही म्हणू नकोस. ‘मला जमणार नाही’ हेही नको, त्यावर त्या ‘मी करते’ म्हणतील आणि गुडघे धरून ओट्याशी उभ्या राहतील. त्यांच्यापुढे आकडे ठेव. तेल किती, तूप किती, खोबरं, खसखस, काजू-बेदाणे किती, आणि रविवार कारंजाला आज त्याचे किती होतात, ते कागदावर मांड. मिस्टरांना शेजारी बसव. ज्या बाईने आयुष्यभर पगारात घर भागवलं, तिला आकडा लगेच कळतो. मग विचार: ‘मम्मी, यातले तीन पदार्थ करायचे. कोणते ते तुम्ही सांगा.’ निवड त्यांचीच राहू दे.

माझं मत विचारलंस तर नानकटाई, कलकल आणि भाजक्या पोह्यांचा चिवडा. कलकल आणि चिवडा तुमच्या घरच्या यादीत नाहीत, पण कलकलबद्दल वसई-मुंबईकडच्या कुणाही ख्रिस्ती बाईला विचार. कलकल स्वस्त पडतात, आणि तुझ्या घरात आत्ता ज्याची गरज आहे ते त्या करतात. चार माणसांना त्या एका टेबलाभोवती बसवतात.

कलकलला एक किलो मैदा, पाव किलो पिठीसाखर, चार चमचे कडकडीत तुपाचं मोहन, चिमूटभर मीठ. एका नारळाचं दूध काढून त्यात पीठ भिजवायचं, चपातीच्या कणकेपेक्षा घट्ट. अर्धा तास ओल्या फडक्याखाली ठेवायचं. मग सुपारीपेक्षा लहान गोळी घ्यायची, काट्याच्या उलट्या बाजूला तेलाचं बोट लावायचं, गोळी त्यावर अंगठ्याने दाबून पसरायची आणि खालून वर गुंडाळत आणायची. काट्याच्या दातांच्या रेघा बाहेर उमटतात आणि आत पोकळ शिंपला तयार होतो. शेवटची कड नीट दाबायची, नाहीतर तेलात उघडते. मंद आचेवर तांबूस तळायच्या. मुलीच्या पहिल्या वीस वाकड्या होतील, एकविसावी बरी येईल. आजी काट्याच्या जागी नवी कोरी फणी घ्यायला सांगेल, तीही चालते. मिस्टरांना तळणीवर उभं कर. सहा महिने ज्या माणसाला रोज सकाळी ‘आज काम आहे का’ या प्रश्नाने जाग येते, त्याला घरात हवं असलेलं एखादं काम हाती द्यावं. तळण नीट जमलं की मुलीसमोर सांग.

नानकटाईला एक किलो मैदा, अर्धा किलो तूप, अर्धा किलो पिठीसाखर, वेलची. तूप आणि साखर हाताने फेसायला सासूबाईंना बसव, ते काम बसून होतं. वीस ग्रॅमची एक धरली तर शंभरेक होतात, म्हणजे पंधरा ताटांत सहा-सहा ठेवून मुलीपुरत्या उरतात. ओव्हन नसेल तर जवळच्या बेकरीत विचार. भट्टीतला त्यांचा माल निघाला की लोकांचे ट्रे भाजून देणाऱ्या बेकऱ्या नाशकात अजून आहेत. पण डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात तिथे रांग लागते, म्हणून दुसऱ्या आठवड्यातच जा. डब्यात घट्ट झाकून ठेवल्या तर नानकटाई आणि कलकल नाताळपर्यंत छान राहतात. सगळं चोवीस तारखेवर ढकललंस तर मध्यरात्रीच्या उपासनेला डुलक्या घेत बसशील.

चिवडा कसा करायचा ते मी नाशिकच्या बाईला शिकवायला नको. फक्त तळलेला कांदा ऐनवेळी, ताटं भरताना घाल, आधी घातला तर पोहे मऊ पडतात.

आणि विकतचं. सासूबाईंना अनारशांशिवाय नाताळ वाटत नसेल, तर पाव किलो अनारसे बचत गटाच्या बायकांकडून घे आणि ते फक्त घरात ठेव. तांदूळ तीन दिवस भिजवून, कुटून, गुळात मुरवायला तुझ्याकडे वेळ नाही आणि त्यांच्याकडे ताकद नाही. ते अनारसेही कुणीतरी आपल्या घरीच, आपल्या हाताने केलेले असतात, आणि त्या पैशांवर त्या बाईच्या घरी काहीतरी येतं. यात देवाचा कसला अपमान होतो ते मला तरी कळत नाही. मात्र शेजाऱ्यांच्या ताटात स्वतः केलेलंच ठेव, तीन पदार्थ का असेनात. त्यात तुमची संध्याकाळ गेलेली असते, आणि यंदा देण्यासारखं तुमच्याकडे तेच सगळ्यात जास्त आहे. उसने पैसे काढून फराळ करायचा नाही, एवढं माझं ऐक. पतसंस्थेचं नाव कुणी काढलं तर विषय तिथेच थांबव.

पाकिटाबद्दल. रक्कम नेहमीपेक्षा कमी घालायला लाज वाटत असेल तर नाव न लिहिता टाक. किंवा आधी जाऊन पाळकांना भेट आणि सांग की यंदा आमचं नाव वाचू नका. कुठलेही पाळक ऐकतील. पण तुला लिहायचंच असेल तर मी सुचवते ते लिही: ‘पप्पांच्या आयुष्याबद्दल उपकारस्तुती.’ त्यांच्या जाण्याबद्दल आभार मानावेत असं तुला कुणी सांगितलेलं नाही. पण त्यांनी तुला वाढवलं, संडेस्कूलला बोट धरून नेलं, लग्नात आशीर्वाद दिला, याबद्दल मानता येतील ना? हे लिहिताना डोळ्यांत पाणी आलं तर येऊ दे. नोकरीबद्दल यंदा काही लिहू नकोस. ती मागायची गोष्ट आहे, आणि मागणीची प्रार्थना वेगळी असते. तीही कर, मिस्टरांच्या शेजारी बसून, त्यांना ऐकू येईल अशी.

राहिली तुझी आई. वर्षाच्या आत तळण करू नये असा आपल्या विश्वासात काही नियम नाही, हे तुला ठाऊक आहे आणि त्यांनाही. पण या मुद्द्यावर आईशी वाद घालू नकोस. नवरा गेलेल्या बाईला पहिल्या नाताळात कढई चढवावीशी वाटत नाही, त्याला आपल्या सगळ्यांच्या घरांतून आलेली एक रीत सापडली, इतकंच. शास्त्रात नहेम्याच्या पुस्तकातल्या आठव्या अध्यायात नियमशास्त्र ऐकून लोक रडू लागतात. तेव्हा त्यांना सांगितलं जातं की घरी जा, चांगलंचुंगलं खा, गोड प्या, आणि ज्यांच्या घरी काही तयार केलेलं नाही त्यांना वाटे पाठवा. यंदा मनमाडच्या त्या घरात काही तयार नसणार. पहिला वाटा तिथे जाऊ दे.

आधी आईला नाताळला नाशिकला ये म्हणून आग्रह कर. सासूबाईंना फोनवर बोलू दे, विहीणबाईंनी स्वतः बोलावलं की ‘मुलीच्या घरी कशी येऊ’ हा संकोच बराच कमी होतो. त्या आल्या तर प्रश्नच मिटला, कलकल वळायला पाचवी जागा भरेल. नाही म्हणाल्या तर नाताळच्या आधीच्या रविवारी सकाळची गाडी धरून मुलीला घेऊन मनमाडला जा. त्या दिवशीची उपासना आईच्याच चर्चमध्ये, तिच्या बाकावर तिच्या शेजारी बसून कर. डबा भरताना कलकल त्यात घालू नकोस, तळलेल्या आहेत. चिवड्यात तळलेला कांदाही नको. नानकटाई भाजलेली असते आणि चिवड्याचे पोहेही भाजकेच, त्यामुळे त्यांना डबा नाकारायला कारण राहणार नाही. चहा त्यांनाच करू दे.